प्रतिसाद: फातमा बेगमला विसरून कसं चालेल?

'मुस्लिम बायका आत्ता कुठे दिग्दर्शनाकडे वळू लागल्यात' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून मूकपटांत आली, स्वतःची कंपनी काढली आणि १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. परीकथा, तीही ट्रिक फोटोग्राफी वापरून! चित्रपट आज उपलब्ध नाही, हे दुर्दैव. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झुबेदा ही तिचीच मुलगी, पण लोकांना मुलगी आठवते, आई नाही. पुढे जद्दनबाईनेही तिशीच्या दशकात दिग्दर्शन केलं, संगीतही दिलं. तिची ओळख मात्र 'नर्गिसची आई' एवढीच उरली.

सौदी अरेबियाची दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर हिचा उल्लेख चर्चेत आलाच आहे, त्यात थोडी भर. तिचा 'वज्दा' (२०१२) हा चित्रपट रियाधमध्ये चित्रित करताना तिला पुरुष सहकाऱ्यांसोबत रस्त्यावर उघडपणे काम करता येत नव्हतं. व्हॅनमध्ये बसून, मॉनिटरवर बघत ती वॉकी-टॉकीवरून सूचना द्यायची. देशात तेव्हा चित्रपटगृहंच नव्हती, ती उघडली २०१८मध्ये.

बाकी इराणची दिग्दर्शिका रख्शान बनी-एतेमाद हिच्यावर चर्चेचा स्वतंत्र धागा निघायला हवा. कुणी काढतंय का?