चिंचिला जवळ येत नाही म्हणून नाराज होऊ नकोस

भावा, चिंचिला, म्हणजे हा दाट मऊ केसांचा उंदराच्या जातीतला प्राणी, आणून आठवडा झाला तरी हात पुढं केला की कोपऱ्यात पळतोय म्हणालास, पण आठवडा म्हणजे काहीच नाही रे. माझी दीड महिना जवळ यायची नाही. रोज रात्री जेवणं झाली की पिंजऱ्याचं दार उघडून मी नुसता शेजारी बसायचो, तळहात उघडा, हलायचं नाही, हळू आवाजात बोलत राहायचं, आणि एक दिवस तीच येऊन बोटं हुंगून गेली, डोळ्यात पाणी आलं खरंच. वरनं हात घालून धरू नकोस, शिकारी पक्ष्याची झडप वाटते त्याला, घाबरला की केसांचा पुंजका हातात सोडून पळतो. दिवसा झोपू दे.

मला खरी काळजी उन्हाळ्याची वाटते. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला थंड हवेचा प्राणी, कातडीच्या एकेका छिद्रातनं 50-60 केस, घाम येत नाही, 25 अंशांच्या वर गेलं की जिवाला धोका आणि आपल्या कोल्हापुरात एप्रिलात 38 सहज होतंय. नुसत्या पंख्यानं भागत नाही, एसी पाहिजेच. कान लालबुंद झाले, आडवा पडला तर लगेच डॉक्टर गाठ, सकाळची वाट बघू नकोस.

पाण्यानं आंघोळ अजिबात नको, केस आतनं वाळत नाहीत, बुरशी येते, त्यात आपला जुलै म्हणजे सगळंच दमट. चिंचिलाची बारीक डस्ट मिळते, म्हणजे लोळून अंग साफ करायची पूड, ती आठवड्यातनं दोन-तीनदा दहा मिनिटं दे, बांधकामाची वाळू नको. खायला टिमोथी नावाचं वाळलं गवत कायम समोर, दात आयुष्यभर वाढतात त्याचे, ते चावूनच झिजतात. मनुके, शेंगदाणे लाडानं पण देऊ नकोस.