जुन्या पीएस४ वर वायफाय रखडतंय, काय करता येईल?

प्रश्न: घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे. मोबाईलवर ९० च्या आसपास स्पीड मिळतो, पण हॉलमधल्या २०१३ च्या मॉडेलच्या पीएस४ वर जेमतेम ६. धाकट्याचं गेम अपडेट रात्रभर चालतं. राउटर बेडरूममध्ये, मध्ये एक भिंत. नवीन कन्सोल परवडणार नाही.

उत्तर १: ताई, कन्सोल अजिबात बदलू नका. पहिल्या पीएस४ ला वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडता येतो. ५ गिगाहर्ट्झ नंतरच्या पीएस४ स्लिम आणि प्रो मॉडेलमध्ये आला. तुमचा मोबाईल ५ वर असणार. सोसायटीत शेजारपाजारचे राउटर २.४ वरच दाटीवाटीने बसलेले असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो लावा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. आणि डाउनलोड चालू असताना गेम पूर्ण बंद करायचा, नुसतं होम स्क्रीनवर येऊन भागत नाही.

उत्तर २: पीएस४ टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलाय का? बाहेर काढा.

प्रश्नकर्ती: चॅनल ११ लावला, गेम बंद केला. २२ येतंय! खूप आभार.

उत्तर १: छान! तरी जमेल तेव्हा राउटरपासून पीएस४ पर्यंत लॅनची (इंटरनेटची) वायर टाकाच. पीएस४ च्या मागे त्यासाठी गिगाबिट पोर्ट आहे. दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारत नेली की पायात येत नाही.