रानतेरड्याच्या नोंदी: अंकुरापासून बोंड फुटेपर्यंत नेमकं काय टिपायचं?

पारसिकपायथा (बेलापूर)
आर्टिस्ट व्हिलेजमागच्या उतारावर दर पावसाळ्यात रानतेरडा माजतो. यंदा उगवणीपासून बिया उडेपर्यंतच्या अवस्था तारखेनिशी नोंदवायच्या आहेत. अडलंय ते असं: किती झाडं धरायची आणि किती दिवसांनी बघायची? 'फुलायला लागला' असं कधी लिहायचं, पहिल्या कळीला, पहिल्या फुलाला की उतार गुलाबी दिसायला लागल्यावर? आणि एक फूल किती दिवस टिकतं हे कसं मोजायचं? जुन्या फोटोंवरून तारखा लावून पाहिल्या, पण जुळत नाहीत.

ओलीवही
उतार गुलाबी दिसणं ही झाडाची अवस्था नाही. समोर झाडं किती आहेत आणि ऊन कुठून पडलंय यावर ते ठरतं. म्हणून दोन नोंदी वेगळ्या ठेवा: एक खुणेच्या झाडांची, दुसरी सगळ्या पट्ट्याची.

खुणेची झाडं शेवटी २० उरायला हवीत, तर सुरुवात ३० पासून करा. मर, गुरं आणि गवतकापणी यांत दहाएक जातातच. देखणी झाडं निवडू नका. सरळ रेषेत चालत दर दोन पावलांवर जे रोप सर्वात जवळ येईल ते घ्या. टपोरी रोपं आधी फुलतात, त्यामुळे निवडून घेतली की सगळ्या तारखा अलीकडे सरकतात.

मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास पोचतो. पहिली फेरी त्यानंतर आठवड्याने करा. उगवणीला दोन जाडसर गोल बीजपत्रं (बीमधूनच येणारी पहिली पानं) दिसतात. त्या वेळी इतर रानरोपांशी गल्लत होते, म्हणून करवती कडेचं पहिलं खरं पान येईपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. जुलैत आठवड्यातून एक फेरी पुरते. पानांच्या बगलेत कळ्या दिसल्या की दर दोन दिवसांनी.

व्याख्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'कळी' म्हणजे देठ आणि मागची सोंड (फुलामागची मधाची बारीक नळी) नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसली. 'फूल' म्हणजे पाकळ्या उलगडून आतला भाग दिसला. पट्ट्यासाठी निम्म्या खुणेच्या झाडांवर किमान एक उमललेलं फूल असेल तो दिवस धरा. मोसमाच्या मध्यात व्याख्या बदलली तर आधीच्या फेऱ्या वाया गेल्या म्हणून समजा.

शून्यही लिहायचं. '२४ जुलै, फुलं ०' ही नोंद नसेल तर २६ जुलैला दिसलेलं फूल पहिलं की दहावं, हे कुणालाच सांगता येणार नाही. फोटोंवरून तुमचं जुळत नसेल तर बहुधा हेच कारण. फुलं नसताना फोटो कोण काढतो?

आणि 'गौरीच्या सुमाराला फुलला' असं लिहू नका. गौरी आवाहन २०२४ मध्ये १० सप्टेंबरला होतं, २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला. तेरडा पंचांग बघत नाही.

सोंडेतलामध
फुलाच्या आयुष्याबद्दल. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण तपासायला सोपी आहे, फक्त झाड मोजून चालत नाही, फूल मोजावं लागतं. झाड आठवडेच्या आठवडे फुलतं, फुलं मात्र बदलत राहतात.

प्रत्येक झाडावर उद्या उमलेल अशी एकच कळी घ्या. तिच्या देठाला भरतकामाच्या धाग्याचा सैल फास, बोटाएवढी फट ठेवून. मग रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, बघा आणि तीन टप्पे लिहा. उमलल्यावर आधी नर टप्पा असतो: पाच पुंकेसर चिकटून एक टोपी झालेली असते, तिच्यावर पांढरट पराग दिसतो. नंतर ही टोपी गळते आणि खालचं हिरवं टोक उघडं पडतं, तो मादी टप्पा. शेवटी पाकळ्या गळतात. टोपी गळणं हे सर्वात खात्रीचं चिन्ह. रंग फिका पडणं नव्हे, कारण सलग सरी आल्या की फुलं नुसतीच मलूल होतात. दहा पट भिंग पुरेसं आहे. फूल तोडून बघू नका, हात लागताच पाकळ्या निसटतात.

पारसिकपायथा
खोडाला धागा बांधला तर चालेल का? आणि बोंडांचं काय करायचं?

ओलीवही
खोडाला नको. ते पाणीदार असतं, जाड होत जातं आणि धागा रुततो. तिथूनच कुजायला लागतं. शेजारी बांबूची काडी खुपसा आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने क्रमांक कोरा. मार्करची शाई पावसात टिकत नाही. वहीतही पेन्सिलच. काड्या पायवाटेपासून आत ठेवा, गौरीच्या आदल्या दिवसांत वाटेकडेचा तेरडा लोक पूजेला उपटून नेतात. हा दोष नव्हे, पण आपला नमुना जातो.

तिसरापाऊस
बोंडावर जरा थांबू, कारण नोंदी तिथेच फसतात. पाकळ्या गळल्यावर लवदार, दोन्ही टोकांना निमुळतं बोंड फुगू लागतं. साधारण दोन ते तीन आठवड्यांत ते पिकतं, आणि मग स्पर्शानेच पाच फाका आतल्या बाजूला वळून बिया दूर उडतात. आता पुढच्या फेरीला देठ रिकामा दिसला तर बोंड फुटलं, गळलं की कुणी खाल्लं? अंदाज लिहू नका. प्रत्येक झाडावरचं एक बोंड अर्धं फुगलं की त्यावर मच्छरदाणीच्या कापडाची छोटी पिशवी सैल बांधा. फुटल्याचा दिवस आणि बियांची संख्या दोन्ही हाती लागतात. मोजल्या की बिया तिथेच टाका.

पानं एकाएकी गायब झाली तर हॉक मॉथ या पतंगाची अळी शोधा: शेपटीला शिंग, अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके. पावसाने आठवडाभर दडी मारली तर झाडं दुपारी माना टाकतात. ती दुपार 'सुकली' म्हणून लिहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

जात नक्की करा. रानतेरड्याची वरची पानं एकाआड एक असतात. समोरासमोर अरुंद पानं दिसली तर ती दुसरी जात. वस्तीजवळ बागेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडाही रुजलेला असतो. त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग टोपी कुठली दिसायला? असली झाडं यादीतून काढा.

जागेचं एवढंच: कुणी ठाण्याच्या येऊरला अशा नोंदी करणार असेल, तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काड्या खुपसू नका. तुमच्या उतारावर माती सुटते, जोराच्या पावसात फेरी चुकली तर त्या तारखेपुढे 'गेलो नाही' असं लिहा. शून्य लिहू नका.