मदत हवी आहे: ऑटो अकम्पनिमेंटवर भूपातल्या भजनाला कॉर्ड कोणते द्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी बरीच वर्षं पेटी वाजवते. आमच्या महिला भजनी मंडळात आता ६१ पट्ट्यांचा यामाहाचा पीएसआर कीबोर्ड आलाय. तबलजी नसतील त्या दिवशी त्यावर ताल लावून भजन करायचं ठरलंय. नुसत्या तालाशी काही अडत नाही. पण एसीएमपीचं (आपोआप साथीचं) बटण दाबून डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दिले की बेस, गिटार, स्ट्रिंग्ज सगळं मागे उभं राहतं. सगळ्यांना तो भरलेला आवाज फार आवडतो, मलाही आवडतो. प्रश्न रागाचा आहे.

भूपाचंच बघा. सा पांढरी १ (सी) ला धरला तर सी मेजर म्हणजे सा-ग-प, उत्तम. ए मायनर म्हणजे ध-सा-ग, तोही पूर्ण भूपातला. अडतं ते पंचमावर. जी मेजर दिला की शुद्ध निषाद आला, एफ मेजर दिला की मध्यम आला. शिकवणीच्या व्हिडिओंत मात्र सरसकट सी-एफ-जी सांगतात. म आणि नी वर्ज्य असण्यातच भूपाचं रूप आहे. गाणारी 'प ध सां' घेते तेव्हा मागून गिटारने नी छेडलेला मला अजिबात चालत नाही.

तर पंचमावर आणि रिषभावर थांबताना काय द्यावं? सिंगल फिंगर (एकदोन बोटांनी कॉर्ड) वापरू की फिंगर्ड (कॉर्डचे सूर स्वतः दाबून)? (पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्या बोटांना पट्ट्यांची सवय नाही.) सुरुवातीच्या बिनतालाच्या ओळींना काय करता? आणि आमची गायची पट्टी काळी ४ (जी शार्प) आहे.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. फिंगर्डच लावा. त्यात मूळ सूर आणि त्याचा पंचम अशा दोनच पट्ट्या दाबता येतात. मग बेसपासून स्ट्रिंग्जपर्यंत सगळे तेवढेच दोन सूर धरून वाजतात, मेजर-मायनर ठरवणारा मधला सूरच येत नाही. पंचमावर प-रे द्या, रिषभावर रे-ध. तिन्ही सूर भूपातले, निषादाचा प्रश्नच मिटला.

सिंगल फिंगरमध्ये दोन पट्ट्यांचा अर्थ निराळा लागतो. मूळ सुराच्या डावीकडची जवळची काळी सोबत दाबली तर मायनर, जवळची पांढरी दाबली तर सेव्हन्थ. म्हणजे सोपं म्हणून एका बोटाने वाजवायला जाल आणि भलताच सूर यायचा. डाव्या हाताचं म्हणाल तर सा-ग-प, ध-सा-ग, प-रे, रे-ध एवढ्या चारच जागा आहेत. ताल बंद ठेवून त्याच फिरवत राहा.

काळी ४ साठी ट्रान्सपोज (पट्टी सरकवण्याची सोय) उणे ४ करा आणि पांढरी १ वरूनच वाजवा. मागची साथही तितकीच सरकते.

प्रतिसाद २

तालाचं सांगतो. केरव्यात कॉर्ड पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर बदला, दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या. दर सुराला कॉर्ड बदलू नका, भजनाला ते शोभत नाही. समेला मात्र बोटं वेळेवर पडलीच पाहिजेत. उशीर झाला की बेस जुनाच सूर देऊन मोकळा होतो आणि नेमकी सम बिघडते. स्टाइलचा (कीबोर्डच्या मागच्या साथीचा) व्हॉल्यूमही कमी करा, गळा वर राहिला पाहिजे.

बिनतालाच्या ओळींसाठी एसीएमपी चालू आणि सिंक स्टार्ट (पट्टी दाबताच ताल सुरू करणारं बटण) बंद ठेवा. मग ताल सुरू न होता डाव्या हाताचे सूर नुसते ऐकू येतात. तिथे सा-प धरून ठेवा, गाणारीला तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. ओळ संपली की स्टार्ट दाबून ठेक्यावर या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! आत्ताच वाजवून पाहिलं. प-रे दिल्यावर पंचम मोकळा वाजतो, हेच हवं होतं.

आता एक पुढचा प्रश्न. आमच्याकडे मालकंसातला एक अभंग आहे. त्यात रे आणि प दोन्ही वर्ज्य. म्हणजे सा-प ही जोडीसुद्धा चालणार नाही. मग षड्जावर काय द्यायचं?

प्रतिसाद १

सा आणि वरचा सा, एवढंच. फिंगर्डमध्ये एका सप्तकाच्या अंतराने तोच सूर दाबला तर साथ फक्त त्या मूळ सुरावर चालते. मध्यमावर एफ मायनर द्या, म्हणजे म, कोमल ध, सा. कोमल धैवतावर त्याचा मेजर द्या, म्हणजे कोमल ध, सा, कोमल ग. दोन्ही मालकंसात बसतात. मालकंसात मध्यमाला मान असल्याने जास्त वेळ एफ मायनरवरच राहा. डाव्या हाताच्या भागात अख्खं सप्तक मावतं का ते आधी बघा, कमी पडलं तर फंक्शनमध्ये जाऊन स्प्लिट पॉइंट (डाव्या-उजव्या हाताच्या भागांची हद्द) वर सरकवा.