कॉकची दांडी ‘उभी’ की ‘लोंबती’?

कृष्णाकाठ: सांगलीत बॉयलर अटेंडंटच्या वर्गासाठी जहाजावरच्या बॉयलरची टिपणं मराठीत करतोय. गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच. तिच्या कॉकबद्दल, म्हणजे दांडी फिरवून वाट उघडायच्या-बंद करायच्या चावीबद्दल लिहिलं, ‘दांडी उभी म्हणजे कॉक चालू’. तपासणाऱ्यांनी ते खोडलं. म्हणे, दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, हे साखर कारखान्यातला नवखाही सांगेल. इथे पाइप आडवा आहे. मग काय लिहू?

मिरज_फिटर: अर्थ तुमचाच बरोबर. जहाज सतत थरथरतं. आडवी दांडी स्वतःच्या वजनाने खाली येते. म्हणून चालू स्थितीत तिन्ही दांड्या मुळातच खाली ठेवतात: वाफेचा आणि पाण्याचा कॉक उघडा, ड्रेन (काचेतलं पाणी बाहेर सोडणारा कॉक) बंद. पण ‘उभी’ नको, उभी वरही असू शकते. ‘लोंबती’ लिहा.

वाईकर: लोंबती म्हटलं की ढिली झालेली वाटते. ‘दांडी खाली’ पुरे. आणि कॉकऐवजी ‘तोटी’ का नाही?

मिरज_फिटर: तोटीतून पाणी बाहेर पडतं. वाफेच्या आणि पाण्याच्या कॉकमधून काचेत जातं. तोटी म्हणायचीच तर फक्त ड्रेनला म्हणा.

आठपाडी: दांडीपेक्षा ‘ब्लो’ शब्द जास्त घात करतो. बॉयलरचं पाणी सोडणं तेही ब्लो, काचेच्या वाटा मोकळ्या करणं तेही ब्लो. दुसऱ्याला ‘काच ब्लो करणे’ असं पूर्ण लिहा आणि क्रम द्या. वाफ-पाणी दोन्ही बंद, ड्रेन उघडा. पाण्याचा कॉक उघडून जोर बघा, बंद करा; मग वाफेचा तसाच. ड्रेन बंद करून पाण्याचा कॉक हळूहळू उघडा, काच वरपर्यंत भरली पाहिजे. मग वाफेचा उघडा, पाणी उतरून खऱ्या पातळीला थांबतं. वाटा मोकळ्या असूनही काच भरली नाही तर पाणी खालच्या जोडाच्याही खाली गेलंय. तेव्हा फीड, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणं, सुरू करायचं नाही, आधी आग बंद.

कृष्णाकाठ: वाफेची वाट तुंबली तर पातळी कमी दिसते ना?

आठपाडी: उलट! काचेतल्या वाफेचं पाणी होतं, तिथला दाब कमी होतो, पाणी वर चढतं. बॉयलर रिकामा होत असताना काच भरलेली दिसते. पाण्याच्या पाइपला झोळ पडला की तिथे गाळ बसतो, तीही वाट तुंबते आणि काच तशीच खोटं बोलते.

वाईकर: ‘झोळ’ उत्तम! बॉयलरलाही ‘बाष्पक’ लिहा, सरकारी खातं तेच लिहितं.

मिरज_फिटर: कागदावर ठीक. बॉयलरसमोर ‘बाष्पक’ अशी हाक मारून कोण वळेल? त्यापेक्षा ‘बंब’ जवळचा.

वाईकर: बंब तर पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, आणि त्याचा अर्थ पंप!