घातांकाच्या स्लाइड्समध्ये नेमके काय हलले पाहिजे?
(टिळकवाडी, बेळगाव येथील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ब-२०३ : सर्व सभासदांना नमस्कार. दर रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सातवी-आठवीच्या मुलांसाठी मी गणिताचा जो तास घेते, त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे, कारण मला संगणकाची चांगली माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे. गेल्या रविवारी घातांकांचा पाठ सुरू केला. आपल्याकडे एकाच सतरंजीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची मुले बसतात; पण ‘घातांक’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच चालतो आणि इंग्रजी माध्यमाची मुले ‘पॉवर’ म्हणतात, त्यामुळे शब्दांची अडचण आली नाही. अडचण आली ती माझ्या पहिल्याच स्लाइडमुळे. पडद्याच्या मध्यभागी २ हा पाया होता. ५ हा घातांक उजवीकडून सरकत यायचा, २ च्या शेजारी क्षणभर टेकायचा आणि मग उडी मारून वर जाऊन बसायचा. मुलांना ते इतके आवडले की तीन वेळा दाखवावे लागले. तास संपताना २ चा ५ वा घात वहीत काढायला सांगितला, तेव्हा अकरा मुलांपैकी सहा जणांनी उत्तर १० लिहिले.

२ ही संख्या पाच वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि तो ३२ येतो, हे मी फळ्यावरही मांडले होते. तरीही एका मुलीला जवळ बसवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “टीचर, पाच आधी दोनच्या बाजूला आला होता ना, म्हणून मी गुणले.” तिचे काही चुकले नाही. जे तिने डोळ्यांनी पाहिले, तेच तिने वहीत केले. पुढच्या रविवारच्या आत मला सगळ्या स्लाइड्स नव्याने करायच्या आहेत. कोणी मार्गदर्शन करील का?

क-१०४ : टीचर, ज्या सहा जणांनी १० लिहिले त्यांत आमची मुलगीही आहे, हे आधीच सांगते. परंतु स्लाइडमधली हालचाल आपण काढून टाकू नये, अशी माझी विनंती आहे. रविवारी सकाळी गणितासाठी मूल स्वतःहून खाली जाते, ही गोष्ट आमच्या घरी पहिल्यांदाच घडते आहे आणि त्यात त्या पडद्यावरच्या गमतीचा मोठा वाटा आहे. साध्या स्लाइड्स दाखवल्या, तर निम्मी मुले पुढच्या आठवड्यात येणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

ब-२०३ : तुमची काळजी रास्त आहे आणि हालचाल काढण्याचा माझा विचारही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, पडद्यावर जे हलेल ते गणितात खरोखर घडत असले पाहिजे. घातांक कुठूनही ‘येत’ नाही आणि पायाला भिडतही नाही. पाया किती वेळा घ्यायचा, तेवढे तो सांगतो. तेव्हा हलायचे असेल तर २ ने हलावे, ५ ने नव्हे.

अ-१०२ : मी निवृत्त शिक्षक आहे, संगणकातले मला कळत नाही, परंतु टीचरांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट सांगतो. घातांक लहान आकड्यात वर लिहिण्याची आजची पद्धत रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथातून रूढ झाली, आणि गंमत अशी की वर्गासाठी तो स्वतः पुष्कळदा तेच अक्षर दोनदा शेजारी शेजारी लिहीत असे. आकडा वर असणे हीच त्याची ओळख आहे. तो ओळीत आला की गुणक झाला, वर गेला की मोजणी झाली. म्हणून स्लाइडमध्ये ५ हा आकडा एका क्षणासाठीसुद्धा २ च्या ओळीत उतरता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ-४०१ : काकू, मी कामानिमित्त रोज स्लाइड्स बनवतो, त्यामुळे पॉवरपॉइंटचा भाग मी आनंदाने करून देईन. पहिली गोष्ट अशी की, २ आणि ५ एकाच टेक्स्ट बॉक्समध्ये लिहून ५ ला सुपरस्क्रिप्ट (वर चढवलेले लहान अक्षर) केले, तर इफेक्ट त्या पूर्ण बॉक्सला लागतो आणि पाया व घातांक वेगवेगळे हाताळता येत नाहीत. म्हणून दोन स्वतंत्र बॉक्स करावेत, घातांकाचा फॉन्ट पायाच्या साधारण साठ टक्के ठेवावा आणि तो हाताने उचलून योग्य जागी बसवावा. मग ५ ला काहीही इफेक्ट द्यायचा नाही. तो पहिल्यापासून वर दिसत राहील. २ च्या बॉक्सच्या पाच प्रती काढून त्या खालच्या ओळीत मांडायच्या, प्रत्येकीला ‘ॲपिअर’ (जागच्या जागी एकदम उमटणे) द्यायचे आणि सुरुवात ‘ऑन क्लिक’ ठेवायची. गुणाकाराचे चिन्ह पुढच्या २ बरोबरच उमटावे, म्हणून त्याला ‘विथ प्रीव्हियस’ द्यायचे. एकदा एका प्रतीला इफेक्ट दिला की ‘ॲनिमेशन पेंटर’ने तोच बाकीच्यांवर उतरवता येतो, प्रत्येक वेळी नव्याने करावा लागत नाही.

ब-२०३ : हे फारच उपयोगी आहे. त्यात एक भर घालू का? प्रत्येक २ उमटला की त्याच्याखाली आतापर्यंतचा गुणाकार दिसावा : २, ४, ८, १६, ३२. मात्र हा आकडा २ बरोबरच न येता पुढच्या क्लिकला यावा, कारण मधल्या त्या दोन-तीन सेकंदांत मुलांनी उत्तर ओरडून सांगावे, अशी माझी इच्छा आहे. यासाठीच ‘आफ्टर प्रीव्हियस’, म्हणजे आधीचे संपले की पुढचे आपोआप सुरू होणे, मी कुठेही वापरणार नाही. स्लाइड स्वतःच्या वेगाने पुढे गेली की मुले नुसती पाहत बसतात.

अ-४०१ : करता येईल. क्लिकची संख्या वाढेल, परंतु ती तुमच्या हातात राहील.

क-३०१ : आमच्या सासूबाई शेजारी बसून हे सगळे ऐकत आहेत आणि त्यांचे म्हणणे मी त्यांच्या वतीने लिहीत आहे. त्या विचारतात की, मुलांना आकड्यांऐवजी घडी का दाखवत नाही? मांडा, म्हणजे खापरावर भाजायची आपली मोठी पातळ गोड पोळी, करताना एक घडी घातली की दोन पदर होतात, दुसरी घातली की चार, तिसरी घातली की आठ. घड्या तीनच घातल्या, तरी पदर सहा होत नाहीत, हे बेळगावच्या मुलाला डोळ्यांनी माहीत असते.

ब-२०३ : आज्जींना माझा नमस्कार सांगा. मी कागदाची घडी दाखवणारच होते, परंतु मांडा त्याहून कितीतरी जवळचा आहे. आज्जी, मांड्याला बहुतेक किती घड्या घालतात? मला चित्र खरे काढायचे आहे.

क-३०१ : त्या म्हणतात की, उपड्या खापरावरून मांडा गरम असतानाच दुमडावा लागतो, गार झाला की तुटतो, म्हणून हात चालतो तोवर दोन किंवा तीन घड्या, त्यापुढे नाही. आणि त्या आणखी एक सांगतात की, घडी घालायचीच राहिली, तरी एक पदर असतोच.

ब-२०३ : आज्जींच्या या शेवटच्या वाक्यासाठी मी गेली कित्येक वर्षे उदाहरण शोधत होते. २ चा ० वा घात १ का, हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मुले ‘काहीच घेतले नाही, म्हणजे शून्य’ असे म्हणतात. आता स्लाइडची सुरुवातच न दुमडलेल्या मांड्यापासून करते : घड्या ०, पदर १. मग घड्या १, पदर २. मग घड्या २, पदर ४. डावीकडची संख्या घातांक, उजवीकडची किंमत. या स्लाइडवर मांड्याचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर येताना दिसावा, कारण इथे दुमडणे हीच गणितातली क्रिया आहे.

अ-१०२ : तिसऱ्या घडीनंतर थांबून मुलांना कागद द्या आणि जितक्या घालता येतील तितक्या घड्या घालायला सांगा. सातव्या-आठव्या घडीला सगळे अडकतील. ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकन शाळकरी मुलीने जानेवारी २००२ मध्ये खूप लांब पातळ कागद एकाच दिशेने १२ वेळा दुमडून दाखवला होता. त्या १२ घड्यांचे पदर ४०९६ होतात, हे मुलांकडूनच काढून घ्या.

अ-४०१ : दुमडण्याच्या दृश्यासाठी ‘मॉर्फ’ हे ट्रान्झिशन (एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा इफेक्ट) उत्तम आहे. एक स्लाइड बनवायची, तिची दुसरी प्रत काढायची, प्रतीत मांड्याची रुंदी निम्मी करायची आणि दुसऱ्या स्लाइडला ‘मॉर्फ’ द्यायचे. मधली हालचाल पॉवरपॉइंट स्वतः भरतो. दोन्ही स्लाइडवरची वस्तू एकच आहे हे त्याला कळावे, यासाठी ‘सिलेक्शन पेन’मध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत, दोन्हीकडे एकच नाव द्यायचे आणि त्या नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हे घालायची. परंतु हॉलमधल्या लॅपटॉपवर २०१३ चे पॉवरपॉइंट आहे आणि ‘मॉर्फ’ २०१९ च्या आवृत्तीपासून पुढे चालते. जुन्या आवृत्तीत त्या जागी नुसते ‘फेड’ दिसेल, म्हणजे मांडा दुमडणार नाही, विरघळून लहान होईल.

क-१०४ : मग तेवढ्या भागाचा व्हिडिओ करून का दाखवू नये?

अ-४०१ : ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन व्हिडिओ करता येतो आणि त्यात ‘मॉर्फ’ टिकते, फक्त क्लिक नाहीसे होतात. म्हणून घडीच्या तीन दृश्यांचे तीन छोटे व्हिडिओ करून ते तीन वेगळ्या स्लाइड्सवर बसवतो. थांबण्याची जागा काकूंच्या हातात राहील आणि जुना लॅपटॉपही चालेल. गूगल स्लाइड्सचा विचार मी केला होता, परंतु तिथे वस्तूला ठरावीक मार्गाने नेता येत नाही, त्यामुळे पुढच्या भागासाठी ते अपुरे पडेल.

ब-२०३ : पुढचा भाग म्हणजे भागाकार, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. २ चा ५ वा घात भागिले २ चा ३ रा घात, हे उदाहरण घेऊ. अंशात पाच वेळा २, छेदात तीन वेळा २. बहुतेक तयार स्लाइड्समध्ये वरचा आणि खालचा २ एकदम पुसला जातो आणि जागा रिकामी राहते. तिथेच घोटाळा होतो. पुसले म्हणजे गेले, गेले म्हणजे शून्य, असे मुलांच्या मनात बसते आणि २ चा ३ रा घात भागिले २ चा ३ रा घात दिला की पडदा पूर्ण रिकामा होतो. त्या रिकाम्या पडद्याकडे पाहून मुले उत्तर शून्य लिहितात. खरे म्हणजे २ भागिले २ बरोबर १ असते. म्हणून दोन्ही २ जागेवरच राहावेत, त्यांच्यावरून तिरकी रेघ ओढली जावी आणि रेघेशेजारी बारीक १ उमटावा, जसे आपण वहीत करतो. एका क्लिकला एकच जोडी.

अ-४०१ : तिरक्या रेघेला ‘वाइप’ द्यायचे आणि दिशा डावीकडून ठेवायची, म्हणजे ती पेनाने ओढल्यासारखी दिसते, अर्धा सेकंद पुरे. बारीक १ ला ‘ॲपिअर’. आणि शेवटी उरलेले दोन २ ठळक व्हावेत म्हणून ‘ग्रो-श्रिंक’ देऊ का?

ब-२०३ : नको. मोठा झालेला २ मुलांना मोठ्या किमतीचा वाटतो, हे मी पाहिले आहे. त्यांचा फक्त रंग बदलू दे. शेवटी राहिलेल्या सगळ्या एकांचा गुणाकार १ होतो, हे मी तोंडानेच विचारीन.

गुणाकाराच्या नियमाला फार काही लागणार नाही. २ चा ३ रा घात गुणिले २ चा २ रा घात घेतला की एका कंसात तीन आणि दुसऱ्या कंसात दोन २ असतील. कंस विरून जातील, दोन्ही गट सरळ रेषेत एकमेकांजवळ सरकतील आणि मुले पाच मोजतील. ‘घातांकांची बेरीज करा’ हे वाक्य स्लाइडवर मी लिहिणार नाही, ते मुलांच्या तोंडून आले पाहिजे.

अ-१०२ : दहाच्या घातांसाठी एक सुचवतो. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत दसपटीने वाढणारी अठरा स्थाने दिली आहेत. प्रत्येक क्लिकला एक शून्य वाढावे आणि खाली स्थानाचे नाव यावे : शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज आणि पुढे. लक्ष म्हणजे १० चा ५ वा घात, कोटी म्हणजे ७ वा, परार्ध म्हणजे १७ वा. शून्ये मोजली की घातांक मिळतो, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

ब-२०३ : सर, ही स्लाइड नक्की घेते.

अ-४०१ : नावे देवनागरीत असतील, तर एक सूचना. मजकूर अक्षराअक्षराने उमटवण्याचा पर्याय मराठीसाठी निवडू नका. मी करून पाहिले तेव्हा काना-मात्रा सुट्या पडत होत्या. पूर्ण शब्द एकदम यावा. फाइल जतन करताना फॉन्ट आत घालण्याचा पर्यायही मी निवडेन, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर दुसरा फॉन्ट लागून घातांकाची जागा सरकेल आणि आपला ५ पुन्हा खाली उतरलेला दिसेल.

क-१०४ : टीचर, माझे आधीचे म्हणणे मी मागे घेते. शनिवारी संध्याकाळी तुम्ही स्लाइड्स तपासायला बसाल, तेव्हा मुलीला पाठवू का? तिला काय समजते आणि काय नाही, ते तुम्हाला तिथेच कळेल.

ब-२०३ : अवश्य पाठवा. शनिवारी सात वाजता हॉलमध्ये भेटू; किल्ली मी वॉचमनकडून घेऊन ठेवते. माउस तिच्याच हातात देणार आहे. प्रत्येक क्लिकच्या आधी पुढे काय येईल ते तिने सांगायचे, आणि जिथे तिचा अंदाज चुकेल, ती स्लाइड आम्ही दोघे तिथेच बसून दुरुस्त करू. आज्जींनाही विचारा, गुडघे बरे असतील तर त्यांनी यावे; मांड्याची घडी चित्रात बरोबर पडते आहे की नाही, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

क-३०१ : त्या येणार आहेत. चित्रातला मांडा आधी पाठवा, असे त्या म्हणतात.