सेवेकऱ्यांच्या हातचं काम : अनुभव धागा

धागा सुरू करताना

गावच्या सेवा मंडळाचा कार्यक्रम झाला की सेवेकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं, भाषणात "निःस्वार्थ सेवा" म्हटलं जातं आणि विषय तिथंच संपतो. रांजण रोज कोण घासतं, पावतीबुकाचा मेळ कोण घालतं, व्हीलचेअरचं अडकलेलं चाक कोण सोडवतं, हे कोणी बोलत नाही. आपला विदर्भ म्हणजे गाडगेबाबांचा (जन्म १८७६, शेंडगाव) मुलूख. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. इथं कामाचं कौतुक कामाच्याच भाषेत व्हायला पाहिजे.

म्हणून विनंती आहे. आपल्या भागातल्या सेवाकार्यातलं एकच काम निवडा. ते कसं होतं, किती लागतं, कुठं बिघडतं आणि का, ते लिहा. नावं नकोत, स्वतःच्या आठवणीही नकोत. वाचणाऱ्याला उद्या ते काम हातात घेता आलं पाहिजे.

पाणपोई (अकोट तालुका, अकोला)

आमच्याकडं पाणपोई गुढीपाडव्याला बसते आणि मृगाचा पाऊस पडला की उठते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा बसथांब्यावरच्या पाणपोईला १०० लिटरचे तीन रांजण तरी लागतात, आणि ते दिवसातून दोनदा भरावे लागतात. पहाटे साडेपाचला एकदा, दुपारी बाराच्या आत एकदा. दुपारी दोनला भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गार होत नाही, म्हणून बाराची वेळ चुकवायची नसते.

रांजण जमिनीवर ठेवू नये. खाली विटांचा ओटा, त्यावर चार बोटं वाळू, आणि रांजणाला ओलं तरट गुंडाळलेलं. पाणी गार होतं ते रांजणाच्या अंगातून पाझरून वाऱ्यानं उडतं म्हणून. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं माठ इथं उत्तम चालतो. कोणी हौसेनं रांजणाला ऑइल पेंट लावून वर दात्याचं नाव लिहिलं, तर मातीची छिद्रं बुजतात आणि तो रांजण फक्त टाकी होऊन राहतो. नाव लिहायचं तर मागच्या पाटीवर लिहावं.

आतून साबण लावायचा नाही, माती साबण पिते आणि चार दिवस पाण्याला वास येतो. जाडं मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन घासायचं, दोनदा विसळायचं, दर आठवड्याला एक रांजण आळीपाळीनं दिवसभर उन्हात पालथा घालायचा. हिरवी शेवाळ धरते ती तोंडावर झाकण नसल्यानं आणि ऊन थेट आत गेल्यानं.

पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते देणाऱ्याच्याच हातात. लोकांनी पेला थेट रांजणात बुडवला की सगळी मेहनत वाया गेली. म्हणून पाणपोईवर बसणारं माणूस लागतंच. ताईंची पाळी दोन तासांची ठेवावी, त्यापेक्षा जास्त वेळ त्या उन्हात कोणाला बसवू नये.

रांजणाखालच्या ओल्या वाळूत चिमूटभर धने टाकले तर पंधरा-वीस दिवसांत सांबाराची (कोथिंबिरीची) हिरवी झालर दिसते. बसची वाट पाहणारी लेकरं तिथंच रेंगाळतात.

वरच्या पाणपोईला जोडून (ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहणारे, वाशीम)

ब्लीचिंग पावडरचं राहिलं. हजार लिटरला ५ ग्रॅम हा आपल्याकडचा रोजचा हिशेब, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला १ ग्रॅम. एक ग्रॅम मोजायला गावात काटा नसतो. म्हणून ५ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ २०० मिलीलिटर ड्रममध्ये टाकायची. अर्धा तास थांबायचं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगावरून पाहायची चाचणी) करायची, पिवळसर रंग आला की मगच रांजण भरायचे.

पावडर थेट रांजणात टाकू नका, एकीकडं जास्त होते, एकीकडं पोचतच नाही. आणि तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर दिसायला पांढरीच असते, पण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. रंग येत नसेल तर प्रमाण वाढवत बसू नका, नवी पावडर आणा.

रोडग्याचा महाप्रसाद (दर्यापूरकडचे)

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या धगीत भाजलेले गव्हाचे गोळे. ते करणाऱ्या मंडळींचं कौतुक करायचं तर त्यांच्या भट्टीपाशी एक तास उभं राहून पाहा, भाऊ. धग अशी असते का भुवया करपतात.

शंभर पानांसाठी गव्हाचं जाडसर पीठ २० किलो, तुरीची दाळ ४ किलो, वांगे १२ किलो अन् आलू ४ किलो. तेल भाजीला, फोडणीला अन् पीठाच्या मोहनाला मिळून ३ किलो. भात ठेवायचा असेल तर तांदूळ ५ किलो पुरे, कारण रोडगा कुस्करून वरणात खाल्ला का भाताला पोटात जागा उरत नाही. वरण मात्र कमी पडू द्यायचं नाही. नुसत्या पोळीच्या पंगतीला ३ किलो दाळ चालते, रोडगे सगळं वरण पिऊन घेतात म्हणून ४.

पीठ घट्ट मळायचं. मीठ, ओवा अन् हाताच्या मुठीत पीठ दाबलं तर गोळा टिकेल एवढं मोहन. लहान लहान पाऱ्या करून एकावर एक तेल लावून ठेवायच्या, तीन किंवा चार, अन् वरून मोठी पारी घेऊन सगळं बंद करायचं. पदर सुटतात ते ह्या तेलामुळं. तेल लावायला कंटाळा केला का आत दगड होतो.

गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या पायजेत. ओल्या गोवरीचा धूर रोडग्यात मुरतो. पेटवण आदल्या पावसाच्या आधीच झाकून ठेवावं लागते, ऐनवेळी मिळत नाही. सगळ्यात मोठी चूक घाईची: ज्वाळ असताना रोडगे टाकले तर वरून काळे, मधून कच्चे. ज्वाळ बसू द्या, गोवरीवर पांढरी राख धरू द्या, मग मांडा. एका अंगानं रंग आला का पालटा, अन् शेवटी गरम राखेत पुरून ठेवा. सगळं मिळून पाऊण ते एक तास. शिजला का नाही हे बोटानं दाबून नाही, एक फोडून पाहायचं, तोही ढिगाच्या मधातला.

काढल्यावर स्वच्छ पोत्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचं, राख झडते. मग फडक्यानं पुसून, फोडून, वरून तूप.

वांग्याची भाजी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर होते, पण पऱ्हाटी भसकन पेटते अन् तेवढीच लवकर विझते. म्हणून गंजाखाली (मोठ्या पातेल्याखाली) जाळ घालाले एक माणूस वेगळाच ठेवा. ज्याच्या हातात सराटा (उलथणं) आहे त्याले जाळ पाहाले लावलं का बुड लागलंच समजा. आणि लागलंच, तर खरवडू नका. वरची भाजी दुसऱ्या गंजात काढून घ्या.

वाढणारे दर वीस पानांमागं दोन: एक वरणाला, एक रोडगा-भाजीला. पाण्याला लेकरं चालतात. भांडी घासणाऱ्या बायांना शेवटच्या पंगतीत नाही, पहिल्या पंगतीत बसवा. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

धान्य गोळा करणाऱ्या बाया (भंडारा)

घरटी मूठभर धान्य ही जुनी रीत. आमच्या भागात धान निघाला की डिसेंबरात फिरती करायची, गहू-तुरीच्या पट्ट्यात मार्चपर्यंत थांबायचं. धान्य घरात नसताना दारात गेलं तर देणाऱ्याला संकोच होतो आणि मागणाऱ्यालाही.

माप पायलीचं घेतलं तरी नोंद किलोतच करा. पायली गावागणिक वेगळी भरते आणि पुढं हिशेबात भांडण लागतं. तांदळाच्या जाती वेगळ्या ठेवा. जाडा आणि बारीक तांदूळ एकत्र झाला की एक गळतो तेव्हा दुसरा कच्चा असतो, आणि तो भात वाढणाऱ्या ताईंना बोलणी खावी लागतात.

पोती भिंतीपासून हातभर दूर, खाली लाकडी पाट. गव्हाचा दाणा दातांखाली कडकन फुटला पाहिजे, चेपला तर अजून दोन उन्हं द्या. अख्ख्या तुरीला भुंगा शेतातूनच अंडी घेऊन येतो, म्हणून तूर ठेवू नका, लवकर डाळ करून घ्या. कडुनिंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवलेला. ओला पाला घातला की त्याचीच बुरशी धरते.

रक्तदान शिबिर (चामोर्शी, गडचिरोली)

पूर्व विदर्भात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत, त्यातल्या काहींना वारंवार रक्त चढवावं लागतं. त्यामुळं इथं शिबिराचं खरं काम एका दिवसाचं नाही, यादीचं आहे.

वही अशी ठेवावी: रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख, पुढची शक्य तारीख. पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. गावात सगळ्यात जास्त माणसं हिमोग्लोबिनवर परत जातात. परत पाठवलेल्या ताईला "तुमचं चालत नाही" म्हणून सोडू नका. आकडा चिठ्ठीवर लिहून उपकेंद्रात पाठवा. सेवेकऱ्यांमधलं एक माणूस फक्त ह्यासाठी ठेवावं.

लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट्स पाचच दिवस. म्हणून एकाच दिवशी दीडशे पिशव्या काढण्याचा मान मिरवू नका. तीन महिन्यांच्या अंतरानं चाळीस-चाळीसची शिबिरं घ्या. मे महिन्यात रक्तपेढीतला साठा आटतो आणि गरज तेवढीच राहते, तेव्हाचं शिबिर सकाळी सात ते अकरा, पंख्याखाली. उपाशी पोटी कोणाला खाटेवर घेऊ नका. रोवणीच्या दिवसांत तर मुळीच शिबिर नको. दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या माणसाला भोवळ येते.

प्रश्न (धागा सुरू करणाऱ्यांकडून)

साहित्य बँकेबद्दल कोणी लिहील का? वॉकर, खाटा वगैरे. बऱ्याच गावांत सुरू होतात आणि दोन वर्षांत बंद पडतात.

रुग्णसाहित्य (पुसद, यवतमाळ)

बंद पडतात त्या दुरुस्तीअभावी. वस्तू देणारे दाते मिळतात, पाना-पकड घेऊन बसणारा मिळत नाही. जिथं तो मिळाला तिथं बँक टिकली.

व्हीलचेअरची पुढची लहान चाकं आधी जातात. आसाभोवती केस आणि कापसाचा धागा गुंडाळत जातो, आणि चाक फिरायचं सोडून घासत जातं. चाक काढा, ब्लेडनं धागा कापा, आस पुसून थेंबभर तेल. दहा मिनिटांचं काम, पण दर वेळी परत आल्यावर करायचं. वॉकरचे रबरी बूट झिजून आतलं पाइप दिसायला लागलं तर तो वॉकर देऊच नका, शेणानं सारवलेल्या ओल्या भुईवर तो सटकतो. बूट सुट्टे मिळतात, डझनभर आणून ठेवावेत.

देताना उंची बसवून द्या. माणूस सरळ उभा, हात सोडलेले, वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी. कुबडी काखेच्या दोन-तीन बोटं खाली, आणि भार हातावर. काखेवर भार दिला तर हाताला मुंग्या येतात, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसोबत (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रासोबत) स्टॅबिलायझर दिलाच पाहिजे. बाहेरची जाळी दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवायची. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. लाइन जाते म्हणून जोडीला भरलेला बी टाइप सिलिंडर हवा. त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो, मिनिटाला २ लिटरनं बारा तास जातो. हा हिशेब कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. रात्री दोन वाजता घरच्यांना गणित सुचत नाही.

अनामत घ्या, थोडी का होईना. पैशासाठी नाही, वस्तू परत येते म्हणून.

शवपेटी (कारंजा लाड परिसर)

मृतदेह गार ठेवणाऱ्या विजेच्या पेटीबद्दल, थोडक्यात. वायर जाड हवी, २.५ चौरस मिलिमीटर. साध्या एक्स्टेंशनवर लावली की वायर तापते. अर्थिंग तपासा. जमीन सपाट, मागची जाळी भिंतीपासून फूटभर लांब, नाहीतर गरम हवा कोंडते. अर्धा तास आधी सुरू करून गार होऊ द्या. परत आणल्यावर हायपोक्लोराइटनं (जंतुनाशक द्रावणानं) पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसा म्हणजे पत्रा गंजत नाही, आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. पेटी पोचवणारी दोन पोरं रात्री-अपरात्री त्या घरी जातात. त्यांना पेट्रोलचे पैसे मंडळानं आपणहून द्यावेत, मागायला लावू नये.

हिशेब (हिंगणघाट, वर्धा)

खजिनदाराचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून लिहितो.

पावतीबुकावर छापील क्रमांक. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती "रद्द" लिहून बुकातच ठेवायच्या. मधला एक क्रमांक गायब झाला की शंभर रुपयांसाठी माणसाची वर्षानुवर्षांची सचोटी पणाला लागते. दानपेटी पाच जणांसमोर उघडायची, नोटा-नाण्यांचा तक्ता करून सगळ्यांच्या सह्या, आणि रक्कम बँकेच्या पुढच्याच कामाच्या दिवशी बँकेत. त्यातूनच परस्पर खर्च करायचा नाही, किराणा उद्याच लागणार असला तरी. २,००० रुपयांवरची रोख देणगी देणगीवरच्या आयकर सवलतीत (८०जी) बसत नाही, हे दात्याला पावती फाडायच्या आधी सांगावं.

सगळ्यात जास्त अडतं ते बदल अर्जावर. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावं लागतं. गावात हे राहून जातं. मग बँकेत जुन्या अध्यक्षांची सही चालत नाही, नव्यांची नोंद नाही, आणि पैसे असून उधारीवर तांदूळ आणावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि सभेचा ठराव त्याच महिन्यात फायलीला लावून ठेवा.

गर्दी आणि रांगा (तिवसा, अमरावती)

आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन होतं, आणि एवढा समुदाय जागच्या जागी थांबतो. ते सेवेकऱ्यांमुळं. गावपातळीवर त्यातून घेण्यासारखं एवढं: रांगेत ओरडणारा स्वयंसेवक नको, दर पन्नास पावलांवर उभा राहणारा हवा. दोर छातीच्या उंचीवर बांधा, गुडघ्याला नको. म्हाताऱ्यांची रांग वेगळी, आणि ती सावलीच्या बाजूनं.

पाणपोईवाल्यांकडून पुन्हा

वाशीमच्या दादांचं पावडरीचं लिहून घेतलं, आमची मंडळी सरळ चिमटीनंच टाकत होती. एक राहिलं होतं: मृगानंतर रांजण ओले आत ठेवू नका. आठ दिवस उघडीप मिळेल तेव्हा वाळवा, तोंड खाली करून तरटावर ठेवा, एकावर एक रचू नका. आणि ओगराळ्याचा दांडा तेव्हाच बदलून घ्या, पाडव्याच्या आदल्या रात्री सुतार मिळत नाही.